पाळकाचा हिशेब कोणी विचारावा?

वडोदऱ्यात फतेगंज भागात समुपदेशन करताना ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळक म्हणजे धर्मगुरू, त्यांना सेवाकार्यात मदत करणारे डीकन आणि संडे स्कूलचे शिक्षक माझ्याकडे येतात, आणि त्यांच्या बोलण्यात एक प्रश्न फिरून फिरून येतो: ‘जे मी लोकांना शिकवतो तेच मला पाळता येत नाही, मग वेदीजवळ उभे राहण्याचा मला काय अधिकार?’ हा प्रश्न विचारणारी माणसे मनाने प्रामाणिक असतात. मात्र पाळकाच्या मनाला कोणताही मोह शिवताच कामा नये, अशी अट त्यांनी स्वतःवर घातलेली असते. माणसाच्या त्रासामागची हट्टी अट शोधून ती तपासणाऱ्या विवेकनिष्ठ विचारसरणीत माझी घडण झाल्यामुळे ही अट मला बहुधा पहिल्याच भेटीत ऐकू येते, आणि लपवाछपवीची सुरुवात पापापेक्षा या अटीतून अधिक होते, असे माझे ठाम मत झाले आहे.

एका मराठी मंडळीच्या पाळकांची हकिगत त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही असे तपशील बदलून, येथे देत आहे. पन्नाशीतले हे गृहस्थ झोप लागत नाही म्हणून आले होते. त्यांनी उपास वाढवले होते, पहाटेची प्रार्थना लांबवली होती, तरीही प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस वाटण्याच्या, रविवारी प्याला पुढे करताना त्यांचा हात थरथरत असे. काही भेटींनंतर कारण बाहेर आले. मुलीच्या कॉलेजची फी भरायची मुदत संपत आली असताना त्यांनी मंडळीच्या गरीब-निधीतून रक्कम उचलली होती आणि हिशेबतपासणीपूर्वी ती पूर्ण भरूनही टाकली होती.

“सगळी रक्कम परत गेली, तर मग राहिले काय?” मी विचारले.

“काही नाही, ताई. पै न पै जुळते.” मग बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “वहीत मी एका विधवा बाईंना मदत दिल्याची नोंद केली होती. त्यांना काहीच दिले नव्हते. नंतर तेवढीच रक्कम गुप्तदान म्हणून जमा दाखवली. आणि त्या रविवारी त्या अनामिक दात्यासाठी पुलपिटावरून प्रार्थनाही केली.”

“हे तुम्ही कोणाला सांगितले?”

“देवाला रोज सांगतो.”

“आणि माणसांपैकी?”

“पाळकाने कोणापाशी बोलायचे? लोक माझ्यापाशी बोलायला येतात.”

या उत्तरात त्यांच्या दुखण्याचे मूळ होते, तरी त्यावर मी लगेच काही बोलले नाही. पुढच्या भेटीत मी त्यांना बायबलमधील, प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय, सोळाव्या वचनापासून, मोठ्याने वाचायला सांगितले. दानार्पणाच्या रविवारी ते दरवर्षी त्याच पत्राच्या नवव्या अध्यायावर, संतोषाने देण्यावर, उपदेश करत असत. त्याच्या आधीच्या पानावर पौल काय लिहितो, याकडे त्यांचे लक्ष कधी गेले नव्हते. यरुशलेमेतील गरिबांसाठी गोळा झालेली देणगी पौल एकटा हाताळत नाही. आपला सहकारी तीत याच्याबरोबर तो मंडळ्यांनीच निवडलेल्या एका बंधूला पाठवतो, या मोठ्या रकमेवरून कोणी आपल्याला दोष देऊ नये म्हणून. जे योग्य ते प्रभूसमोर तर असावेच, पण माणसांसमोरही असावे, असे तो स्पष्ट म्हणतो. विसाव्या वचनाशी पाळकसाहेब थांबले, तेच वचन त्यांनी पुन्हा वाचले आणि पुस्तक मिटून म्हणाले, “म्हणजे पौलालासुद्धा साक्षीदार लागत होता. आणि खजिनदाराने माझ्याजवळ बसून पैसे मोजणे मी आजवर माझा अपमान समजत आलो.”

त्यांचा हा उद्गार मी त्यानंतर अनेकांच्या बाबतीत उपयोगात आणला आहे. पाळकाचे पावित्र्य आपण त्याच्या अंतःकरणात शोधतो आणि तेथे डाग दिसला की उपासाने धुऊ पाहतो. वास्तविक ज्याला कोणीही प्रश्न विचारू शकत नाही, त्याचे अंतःकरण कितीही चांगले असले तरी ते एकटे पडते, आणि एकटेपणात माणूस स्वतःला सवलती देऊ लागतो. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी १७३८ साली लहान गटांसाठी जे नियम लिहिले, त्यांत दर आठवड्याला एकत्र येऊन, मागच्या भेटीपासून जाणूनबुजून कोणते पाप घडले, हे प्रत्येकाला विचारावे असे होते. तो प्रश्न विचारणारे कोणीतरी पाळकालाही हवे, आणि ती व्यक्ती शक्यतो त्याच्या मंडळीबाहेरची असावी, म्हणजे संकोच कमी होतो. दानाचे पैसे उपासनेनंतर वेस्ट्रीतच, म्हणजे उपासनागृहालगतच्या खोलीत, दोघांनी मोजून दोघांनी सही करावी. गुजरातेत सार्वजनिक न्यासांच्या १९५० च्या कायद्याप्रमाणे होणारी हिशेबतपासणी आवश्यक आहेच, पण जमा-खर्च जुळत असेल तर खोट्या नावाखालची मदत तिच्यातून सहज निसटू शकते. मदत मिळालेल्या व्यक्तीची सही किंवा अंगठा घेतल्यास ती वाट बंद होते.

एक मर्यादा मी प्रत्येकाला आधीच सांगते. ज्या कृत्यात दुसऱ्याच्या देहाला इजा झाली आहे, ते पाळक आणि समुपदेशक यांच्यात मिटवता येत नाही. पीडित १८ वर्षांखालील असेल, तर २०१२ च्या पॉक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांच्या संरक्षणाच्या, कायद्याच्या कलम १९ प्रमाणे लैंगिक गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. ‘मंडळीची अब्रू जाईल’ हे कारण मी ऐकून घेत नाही.

पाळकसाहेबांनी प्रथम खजिनदाराला, मग मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांना सर्व सांगितले. बैठक कडवट झाली. त्यांना निधीपासून दूर ठेवण्याचा निर्णय झाला आणि तो त्यांनी मान्य केला. त्या विधवा बाईंकडे ते पत्नीसह गेले. आपल्या नावाचा असा उपयोग झाल्याचे ऐकून त्या रागावल्या, आणि तो राग योग्यच होता. एक ज्येष्ठ सभासद अजूनही त्यांच्या हातून प्रभुभोजन घेत नाहीत. हे मला सांगताना ते म्हणाले, “त्यांच्यासमोर उभा राहतो तेव्हा आता निदान त्यांच्या मनात काय आहे ते मला ठाऊक असते, आणि माझ्या मनात काय आहे ते त्यांना.”