वाचकांचे प्रश्न : दोर, करेल आणि जिम्नॅस्टिक्सच्या पहिल्या ‘जागतिक’ स्पर्धा

प्रश्न : शाळेच्या प्रश्नमंजूषेत मुलानं ‘जिम्नॅस्टिक्सची पहिली जागतिक स्पर्धा १९०३’ असं लिहिलं. परीक्षकांनी १९३४ हे उत्तर धरून गुण कापला. बरोबर कोण?
— एक पालक, राजारामपुरी

मुलगा बरोबर. १९०३ साली बेल्जियममधल्या अँटवर्पला बेल्जियम, फ्रान्स, लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स असे चारच संघ उतरले. वैयक्तिक पहिला फ्रान्सचा जोसेफ मार्टिनेझ, सांघिक जेतेपदही फ्रान्सचंच. १९३४ कुठून आलं असेल तेही लक्षात येतं. त्या साली बुडापेस्टला महिलांना पहिल्यांदा प्रवेश मिळाला. म्हणजे परीक्षकांच्या प्रश्नात ‘महिलांची’ हा शब्द गळाला असणार.

पण मुलाला पुढचंही सांगा. तेव्हा ती नुसती ‘आंतरराष्ट्रीय’ स्पर्धा होती. ‘जागतिक’ हा शिक्का मागाहून बसला. त्यामुळे जुन्या तक्त्यांत त्या काळची पदकं दिसली, तरी ती नंतरच्या हिशेबातली समजावीत. गंमत अशी की आजच्या जागतिक महासंघाचं मूळ असलेली संघटना १८८१ साली लीजमध्ये ज्यांनी उभी केली, त्या निकोलस क्युपेरस यांनाच चुरशीच्या स्पर्धा नको होत्या. व्यायाम सगळ्यांनी मिळून करायचा, एकाला खांद्यावर घेऊन मिरवायला नव्हे, असा तो विचार. जर्मनीतही हीच हवा. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकला गेलेल्या जर्मन खेळाडूंनी तिथं बक्षिसं लुटली आणि घरी आल्यावर त्यांच्याच संघटनेनं त्यांना निलंबित केलं.

अँटवर्पनंतर दर दोन वर्षांनी बोर्दो, प्राग, लक्झेंबर्ग, तुरीन, पॅरिस अशी ओळ १९१३ पर्यंत लागते. मग महायुद्ध, आणि पुन्हा सुरुवात थेट १९२२ ला ल्युब्लियानात. प्रश्नमंजूषेला एवढं पुरे.

आणखी एक चूक नेहमी होते : जुने गुण आजच्या गुणांशेजारी मांडणं. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची एकच स्पर्धा होती. १३५ खेळाडू, १६ प्रकार, कमाल ३२० गुण. म्हणजे प्रकाराला २०. गुस्ताव सांद्रा ३०२ गुणांनी जिंकला. पण त्या १६ प्रकारांत सिंगल बार आणि रिंगांबरोबर लांब उडी, बांबूउडी, दोर चढणं आणि वजन उचलणंही होतं. म्हणजे तेव्हाच्या जिम्नॅस्टिक्समध्ये बराच माल मैदानी खेळांचाही होता. जमिनीवरच्या कसरतीला ऑलिंपिकमध्ये वेगळं पदक मिळालं ते १९३२ ला, हंगेरीच्या इस्तवान पेलेला.

प्रश्न : आमच्या तालमीत सांगतात की करेल फिरवणं ऑलिंपिकमध्ये होतं आणि मल्लखांबही. खरं का?
— शिवाजी पेठ

पहिलं खरं, दुसरं अर्धं. भारतातल्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्याकडची करेलची जोडी (दोन हातांत फिरवायचे लाकडी मुद्गल) विलायतेत नेली, तिथून ती ‘इंडियन क्लब’ या नावानं अमेरिकेत पोचली. १९०४ ला सेंट लुईमध्ये एडवर्ड हेनिग आणि १९३२ ला लॉस एंजलिसमध्ये जॉर्ज रॉथ यांनी त्यात सुवर्ण मिळवलं. मात्र तिकडची जोडी बाटलीएवढी आणि हलकी. ताकदीपेक्षा तालाला आणि हात न अडखळण्याला गुण. तालमीतलं जड करेल घेऊन तसं करायला गेलात तर आधी मनगट बोलेल.

मल्लखांब १९३६ ला बर्लिनमध्ये दिसला तो प्रात्यक्षिक म्हणून, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाकडून. स्पर्धा नव्हती, पदकही नव्हतं.

प्रश्न : तालमीच्या वर्धापनदिनाला १८९६ सारखी दोर चढण्याची स्पर्धा घ्यायची आहे. उंची किती, दोर कसला, वेळ कशी धरायची?
— मंगळवार पेठ

अथेन्सचा दोर १४ मीटरचा होता, म्हणजे चार मजल्यांएवढा. पाच जण उतरले, टोकाला दोघेच पोचले, दोघेही ग्रीक. निकोलाओस आंद्रियाकोपुलोसला २३.४ सेकंद लागले. तुम्ही ५ मीटरवर थांबा. १९०४ चा दोरही २५ फुटांचाच, म्हणजे साडेसात मीटरचा होता आणि तो ७ सेकंदांत चढून जिंकला जॉर्ज आयझर, ज्याचा डावा पाय लाकडी होता. या खेळात पाय दोराला लावायचेच नसतात हे लक्षात घेतलं, की नवल थोडं कमी होतं. पण याच माणसानं व्हॉल्टलाही, म्हणजे घोड्यावरून उडी मारण्यातही, सुवर्ण मिळवलं. तिथं आमचं काही स्पष्टीकरण नाही.

दोर सुती किंवा मनिला, सुमारे ३८ मिलिमीटर जाड. काथ्याचा तळहात सोलतो, नायलॉनचा घामानं निसटतो. नुसती गाठ मारून तुळईवर टाकू नका : झोके बसले की दोर कडेवर घासतो आणि नेमका तिथंच कुजतो, जिथं खालून दिसत नाही. तुळईला पट्टा, त्याला लोखंडी शॅकल (खिळीनं बंद होणारी कडी), शॅकलमध्ये धातूचा डोळा बसवलेला दोर. आदल्या दिवशी तिघांनी एकदम लोंबकळून बघावं. जमल्यास दोर हौद्यावर (कुस्तीच्या मातीच्या आखाड्यावर) टांगा, माती आधी खणून भुसभुशीत करून घ्या. आखाड्यातून आलेल्याचे हात मात्र राखेनं कोरडे करा, कारण हौद्याच्या मातीत तेल असतं.

सुरुवात जमिनीवर बसून, पाय समोर सरळ. शिट्टीला घड्याळ चालू, वरच्या खुणेला हात लागला की बंद. हात लागला की नाही यावरून हमखास भांडण होतं. अमेरिकेत वरच्या चकतीला काजळी फासत. बोट काळं असेल तरच चढाई धरायची. आपल्याकडे तव्याची काजळी आहेच. दोन घड्याळं लावा आणि सरासरी घ्या.

नवशिके पहिल्याच खेचीला हात पार ताणून वर नेतात. मग प्रत्येक वेळी सरळ लोंबत्या हातांनी शरीर उचलावं लागतं आणि तिसऱ्या मीटरला दम संपतो. पकड हनुवटीच्या थोडी वर, पल्ले छोटे, पण लागोपाठ. खालचं टोक एकानं धरून ठेवलं तर दोर फिरत नाही.

उतरताना घसरू देऊ नका. वेळ चढण्याची असते. उतरताना पायांची कैची घालून, हाताखाली हात घेत खाली यायचं.