बायो नंतर लिहा, आधी बॅकअप कोड कागदावर उतरवा

फोन बदलला, जुना रीसेट करून देऊन टाकला, नव्या फोनवर ऑथेंटिकेटर ॲप (लॉगिनसाठी सहा आकडी कोड दाखवणारं) घेतलं तर आत काहीच नाही, आणि वर्षानुवर्षांची चित्रं असलेलं इन्स्टाग्राम खातं आता फक्त बाहेरून बघता येतंय. तुमच्या पोस्टमधलं हे दुखणं माझ्या चांगलंच ओळखीचं आहे. तुम्ही विचारलंय ते नवीन खात्याचं नाव, फोटो आणि बायो (प्रोफाइलवरची थोडक्यात ओळख) कसं असावं ते. तेही सांगतो, पण शेवटी. कारण खातं त्या तीन गोष्टींमुळे जात नाही.

नवीन खातं काढण्याआधी एक गोष्ट बघाच. जुनं खातं अजून कुठे उघडं आहे का? घरातला टॅब, लॅपटॉपवरचा ब्राउझर, कधीतरी लॉगिन केलेला दुसऱ्या कोणाचा फोन. तिथे लॉगिन शाबूत असेल तर लॉगआउट करू नका, ब्राउझरचा इतिहास आणि कुकीज पुसू नका, ॲप काढून परत टाकू नका. तिथूनच सेटिंग्जमध्ये अकाउंट्स सेंटर, मग पासवर्ड अँड सिक्युरिटी, मग टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन (पासवर्डनंतरचं दुसरं कुलूप) असं जा. ॲडिशनल मेथड्समध्ये बॅकअप कोड (ऑथेंटिकेटर हाताशी नसताना वापरायचे तयार कोड) दिसले तर आधी ते लिहून घ्या. पासवर्ड विचारला जाईल, कधी आणखी पडताळणीही मागितली जाईल, पण बाहेरून धडका मारण्यापेक्षा ही वाट कितीतरी बरी. (मेन्यूंची नावं आणि जागा या कंपन्या सारख्या बदलतात, तेव्हा शब्द थोडे इकडेतिकडे असतील.)

आता ॲप रिकामं का निघालं ते. ऑथेंटिकेटरमधला सहा आकडी कोड कुठून पाठवला जात नाही. खातं जोडताना जो क्यूआर कोड स्कॅन केला, त्यात एक गुप्त किल्ली असते. ती किल्ली आणि घड्याळातली वेळ यांच्यावरून फोन स्वतःच दर ३० सेकंदांनी नवा आकडा काढतो. म्हणून नेट नसतानाही कोड येतो आणि सिमकार्डाशी त्याचा काही संबंध नसतो. पण म्हणूनच किल्ली ज्या फोनमध्ये होती तो पुसला की किल्लीही गेली. त्याच नंबरचं सिम घालून तेच ॲप पुन्हा उतरवलं तरी ती परत येत नाही. गूगल ऑथेंटिकेटरमध्ये गूगल खात्याशी सिंक करायची, म्हणजे किल्ल्यांची प्रत तिथे ठेवायची, सोय एप्रिल २०२३ मध्ये आली, पण तुम्ही ॲप खात्यात साइन इन न करता वापरत असाल तर सिंक होत नाही. बऱ्याच जणांचा घात इथेच होतो, आपोआप होत असेल असं गृहीत धरलं जातं.

पुढच्या वेळी फोन बदलताना क्रम असा ठेवा: दोन्ही फोन हातात असताना जुन्यावरून ट्रान्सफर किंवा एक्सपोर्टचा क्यूआर काढून नव्यावर स्कॅन करा, नव्या फोनवरच्या कोडने एकदा खरोखर लॉगिन करून बघा, आणि मगच जुना फोन पुसा. मधली पायरी गाळू नका. यादीत नाव दिसतंय म्हणजे कोड चालतोय असं नाही. कोड बरोबर दिसूनही नाकारला जात असेल तर फोनची वेळ तपासा. वेळ हाताने लावलेली असेल आणि एखाद-दोन मिनिटं पुढेमागे असेल तर प्रत्येक कोड चुकीचा ठरतो. तारीख-वेळ ऑटोमॅटिकवर टाकली की सुटतो तो प्रश्न.

आता नवीन खात्याचा पाया, म्हणजे ईमेल. इन्स्टाग्राम असो, फेसबुक असो, एक्स (पूर्वीचं ट्विटर) असो, पासवर्ड रीसेट शेवटी बहुधा ईमेलवरच येतो. त्यामुळे ईमेल सुरक्षित नसेल तर वरची सगळी सजावट व्यर्थ. नोकरीच्या ठिकाणचा, कॉलेजचा किंवा वेबसाइट करून देणाऱ्या माणसाने काढलेला ईमेल वापरू नका. खास या कामासाठी नवीन ईमेल काढणार असाल तर लक्षात ठेवा, गूगलच्या धोरणाप्रमाणे दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं काढून टाकलं जाऊ शकतं. डिसेंबर २०२३ पासून अशी खाती काढायला सुरुवात झाली. फक्त रिकव्हरीसाठी काढून विसरलेला ईमेल नेमका गरजेच्या दिवशी नाहीसा झालेला असतो. तो रोजच्या फोनवर जोडून ठेवा.

आणि सगळ्यात महागात पडणारी चूक ही: ईमेलचा टू-फॅक्टरही त्याच ऑथेंटिकेटरमध्ये, इन्स्टाग्रामचाही त्यातच, आणि दोन्हींचे बॅकअप कोड स्क्रीनशॉट काढून त्याच ईमेलच्या ड्राइव्हमध्ये. कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून दार लोटण्यातला हा प्रकार. फोन गेला की इन्स्टाग्रामला ऑथेंटिकेटर हवा, तो नाही; बॅकअप कोड ड्राइव्हमध्ये, ड्राइव्हला ईमेलचं लॉगिन हवं, त्यालाही तोच ऑथेंटिकेटर हवा. एकेक कुलूप अगदी शहाण्यासारखं लावलेलं, पण सगळी मिळून एक वर्तुळ. तुमच्या वर्णनावरून तुमचंही हेच झालेलं दिसतंय, कारण जीमेलही दोन दिवस उघडत नव्हतं असं तुम्ही लिहिलंय.

हे वर्तुळ तोडायला फार काही लागत नाही. बॅकअप कोड कागदावर लिहा. होय, कागदावर, पेनाने. फेसबुक एका वेळी १० कोड देतं, गूगलही १० देतं. प्रत्येक कोड एकदाच चालतो, आणि नवे काढले की जुने सगळे बाद होतात. म्हणून कागदावर तारीख घाला आणि वापरलेला कोड खोडा. एक प्रत महत्त्वाच्या कागदांबरोबर, दुसरी विश्वासातल्या माणसाकडे. कागदावर सेवेचं नाव लिहा, पासवर्ड लिहू नका. पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड एका मुख्य पासवर्डाखाली जपणारं ॲप) वापरणारे म्हणतील की कागद कशाला. वापरा जरूर, मीही तेच सुचवेन, पण त्याचा मुख्य पासवर्ड विसरलात तर काय, याचं उत्तर पुन्हा कागदच.

फोन नंबरबद्दल माझं मत जरा कडक आहे. नंबर द्यावा, पण एकमेव आधार म्हणून देऊ नये. बंद पडलेले नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिले जातात, मग तुमचे ओटीपी त्याच्याकडे जातात. म्हणून नंबर सोडण्याआधी सगळ्या खात्यांवरून तो काढा. शिवाय तुमच्या नावाने दुसरं सिम काढून ओटीपी पळवण्याचे प्रकार होतात, ते वेगळंच. एक्सवर तर एसएमएसने येणारा टू-फॅक्टर २० मार्च २०२३ पासून फक्त पैसे भरणाऱ्यांना मिळतो. बाकीच्यांना ऑथेंटिकेटर किंवा सिक्युरिटी की (लॉगिनसाठी जोडायची छोटी वस्तू). तेव्हा क्रम असा: पहिला ऑथेंटिकेटर, दुसरे कागदावरचे कोड, आणि नंबर तिसरा.

मदत केंद्रांबद्दल थोडं बोलू द्या, नाहीतर हे उत्तर पुरं होणार नाही. एका कंपनीच्या मदत कक्षाने मला ज्या खात्यात शिरता येत नव्हतं त्याच खात्यात शिरून तक्रार नोंदवायला सांगितलं होतं. पुन्हा लिहिलं तर तेच साचेबद्ध उत्तर, खाली 'तुमची समस्या सुटली का?' हे विचारणारी दोन बटणं. तिथे कोणी माणूस बसलेला आहे या आशेवर योजना आखू नका. यंत्रणा जे आपोआप तपासू शकते तेवढंच होतं. इन्स्टाग्राम काही वेळा व्हिडिओ सेल्फी मागतं, म्हणजे मान इकडेतिकडे वळवून चेहऱ्याचा छोटा व्हिडिओ, आणि तो खात्यावरच्या फोटोंशी ताडला जातो. आता विचार करा, खात्यावर फक्त चित्रंच असतील तर ताडणार कशाशी? म्हणून नव्या खात्यावर स्वतःचा चेहरा स्वच्छ दिसणारे दोन-चार फोटो जरूर टाका. कलाकारांना हे आवडत नाही हे माहीत आहे. तरी टाका.

आणि 'हॅक झालेलं, बंद झालेलं खातं परत मिळवून देतो, अमुक व्यक्तीला मेसेज करा' असं सांगणारे तुमच्या पोस्टखाली येतीलच. ते सगळे ठग. सगळे. आधी थोडे पैसे, मग 'सर्व्हरची फी', मग तुमच्या फोनवर आलेला कोड मागतात, आणि उरलेली खातीही जातात. कोणालाही कोड वाचून दाखवायचा नाही, कंपनीचा माणूस म्हणवणाऱ्यालाही नाही.

जन्मतारीख. ही बारीक वाटते आणि मोठा दणका देते. चित्रांचं खातं म्हणून काम सुरू केल्याची तारीख टाकू नका, १ जानेवारी आणि हाताला आलेलं साल असंही नको. इन्स्टाग्रामला किमान वय १३ लागतं. या तेराच्या आकड्यामागे मुलांच्या ऑनलाइन माहितीबद्दलचा अमेरिकेचा १९९८ चा कायदा आहे. संस्थेची स्थापना-तारीख वाढदिवस म्हणून टाकलेली कितीतरी ट्विटर खाती २०१८ मध्ये याच कारणाने बंद झाली, कारण हिशेबाने खातं उघडलं तेव्हा 'मालक' तेरा वर्षांचाही नव्हता. आता १८ च्या खालचं वय दिसलं तर इन्स्टाग्राम खातं किशोरांच्या बंधनांत टाकतं, खाजगी होतं, अनोळखी लोकांचे मेसेज येत नाहीत, आणि वय वाढवायला ओळखपत्र किंवा सेल्फी मागितला जातो. खातं दुकानाचं असो नाहीतर मांजराचं, तारीख तुमची स्वतःची, खरी, ओळखपत्रावरची. ती लोकांना दाखवायची गरज नाही, लपवता येते. उद्या खातं बंद झालं तर अपिलाच्या वेळी ओळखपत्राशी जुळायला हवी एवढंच.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. युजरनेम इन्स्टाग्रामवर ३० अक्षरांपर्यंत चालतं, एक्सवर फक्त १५. म्हणून १५ मध्ये बसणारंच निवडा आणि सगळीकडे तेच घ्या, आज वापरणार नसाल तिथेही आत्ताच अडवून ठेवा. रोमन अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअर एवढंच वापरा. टिंब इन्स्टाग्रामला चालतं, एक्सला चालत नाही. शेवटी दोन अंडरस्कोअर असली सजावट नको, फोनवरून तोंडी सांगता येत नाही आणि नकली खाती नेमकी तशीच दिसतात. जुनं युजरनेम जुन्याच खात्याकडे अडकलेलं आहे, ते सोडून द्या. जुनं खातं 'नकली' म्हणून मित्रांकरवी रिपोर्ट करण्याचा मोहही टाळा, असं मला वाटतं. नाव आणि फोटो सारखेच असल्यामुळे कोणतं खातं नकली ठरेल याची खात्री नसते, आणि कधीतरी ते परत मिळालंच तर चित्रं तरी शाबूत असतील.

दिसणारं नाव देवनागरीत ठेवता येतं. पण शोधणारे बरेच जण रोमन टाइप करतात आणि इन्स्टाग्रामचा शोध नावाचा रकाना बघतो, म्हणून तिथे दोन्ही लिपी ठेवल्या तर फायदा. विचार करून ठेवा, कारण इन्स्टाग्रामवर नाव १४ दिवसांत दोनदाच बदलता येतं आणि फेसबुकवर एकदा बदललं की ६० दिवस थांबावं लागतं. वळणदार 'फॅन्सी फाँट' लावून नाव लिहू नका. ती अक्षरं नसतातच, गणिती चिन्हं असतात. शोधात सापडत नाहीत आणि अंधांसाठीचा स्क्रीन रीडर ती भलतीच वाचतो.

बायो इन्स्टाग्रामवर १५० अक्षरं, एक्सवर १६०, फेसबुकवर जेमतेम १०१. मराठीत लिहिताना मात्रा आणि जोडाक्षरातला हलन्तही वेगळा मोजला जाऊ शकतो. 'चित्रकार' डोळ्यांना चार अक्षरं, पण यंत्राच्या हिशेबाने आठ. तेव्हा काय करता, कोणत्या माध्यमात, काम हवं असेल तर कुठे विचारायचं, इतकंच लिहा. सुविचार नकोत. इन्स्टाग्रामच्या प्रोफाइलवर पाचपर्यंत लिंक देता येतात, त्यामुळे लिंक गोळा करून दाखवणाऱ्या वेगळ्या सेवेची बहुतेकांना गरज उरलेली नाही.

प्रोफाइल फोटो चौकोनी द्या, पण तो गोलात दिसतो, कोपरे जातात. चित्राचा तुकडा लावला तर अंगठ्याएवढ्या गोलात फक्त रंगांचा गोळा दिसतो. चेहरा लावा, मागची बाजू एकरंगी.

फेसबुकवर चित्रांच्या नावाने दुसरं वैयक्तिक खातं काढू नका, ते नियमात बसत नाही आणि ५००० मित्रांशी गाडी अडते. स्वतःच्या प्रोफाइलवरून पेज (कामासाठीचं सार्वजनिक पान) काढा आणि विश्वासातल्या आणखी एकाला पूर्ण अधिकार द्या, म्हणजे तुमचं प्रोफाइल अडकलं तरी पेज चालू राहील.

पहिला आठवडा सबुरीने घ्या. खातं काढल्याबरोबर शेकडो लोकांना फॉलो करणं, सगळ्यांना एकच मेसेज चिकटवणं, यातून नवं खातं यंत्र समजून अडवलं जातं. एक्सची रोजची ४०० फॉलोची मर्यादा ही वरची हद्द आहे, गाठायचं उद्दिष्ट नव्हे. आधी पाच-सहा चित्रं टाका, मग जुन्या ओळखीच्यांना शोधा. सुरुवातीला ॲप फोनमधले संपर्क मागेल तेव्हा नाही म्हणा. एकदा हो म्हटलं की ॲप ते अधूनमधून पाठवत राहतं, आणि ज्यांचे नंबर तुमच्याकडे आहेत त्या प्लंबरपासून जुन्या घरमालकापर्यंत सगळ्यांना तुम्ही 'ओळखीचे असावेत' म्हणून दिसू लागता. आधीच दिले असतील तर सेटिंग्जमध्ये अपलोड झालेले संपर्क काढून टाकायचा पर्याय असतो, आणि फोनच्या सेटिंग्जमधून ॲपची संपर्कांची परवानगीही वेगळी बंद करावी लागते.