चार वर्षांच्या मुलाचं वजन जास्त आहे, डाएट सुरू करायचं का?

तुम्ही लिहिलंय की डॉक्टरांनी उंचीच्या मानाने वजन जास्त सांगितलं आणि आज्जी म्हणतात, “गुटगुटीत आहे पोरगं, नजर लावू नका.” मी सोलापुरात बरीच वर्षं बालवाडी घेते, त्यावरून सांगते. एकट्या त्याला पथ्यावर बसवू नका. या वयात बहुतेक मुलांचं वजन उतरवावं लागत नाही. ते वाढायचा वेग आवरला की उंची वाढते आणि मेळ बसतो. बदलायची ती अख्ख्या घराची रीत.

आधी मोबाइल दाखवून भरवणं बंद करा. सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो असं माझं ठाम मत आहे. पोट भरलं की लेकरू तोंड फिरवतं, पण डोळे स्क्रीनवर असले की त्याचं त्यालाच कळत नाही. आमच्याकडे नवीन आलेली काही मुलं डबा उघडून नुसती बसतात, कुणीतरी घास देईल म्हणून. शेजारची पोरं बघून हळूहळू स्वतः खायला लागतात आणि एक दिवस चतकोर पोळी ठेवून “बास” म्हणतात. ते ‘बास’ माना. काय आणि कधी वाढायचं ते तुम्ही ठरवा, किती खायचं ते त्याला ठरवू द्या. “एवढा शेवटचा घास” नको.

ताटात वेगळं काही लागत नाही. ज्वारीची मऊ भाकरी आमटीत कुस्करून, एखादी पालेभाजी, दही. सगळ्यांनी तेच खायचं. बिस्किटं, फरसाण, कुरकुरीत पाकिटं घरात आणूच नका. डब्यात असली की तो मागणार आणि आज्जी देणार. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत, साखर आणि चॉकलेट पावडर न घालता. रसापेक्षा अख्खं फळ द्या. आज्जींना डाळिंब सोलून द्यायचं काम सांगा. त्यांना लाड करायचेत, ते असेही होतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलंय: तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून ३ तास हालचाल हवी, त्यातला तासभर दम लागेल अशी. स्क्रीन जास्तीत जास्त १ तास, झोप १० ते १३ तास. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी बाहेर पाय ठेवता येत नाही, म्हणून सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर न्या. सिद्धेश्वर तलावाकडे, हुतात्मा बागेत, नाहीतर गल्लीत पकडापकडी. गाडीवर पुढे उभं करून फिरवणं यात धरू नका. रात्रीच्या मालिका मात्र मोठ्यांनाच सोडाव्या लागतील, त्याशिवाय तो वेळेत झोपत नाही.

त्याला ‘जाड्या’ कुणीही म्हणायचं नाही, कौतुकानेसुद्धा.

डॉक्टर सांगतील तेव्हा उंची आणि वजन दोन्ही मोजून घ्या. झोपेत रोज घोरत असेल किंवा मानेवरची कातडी काळी, जाडसर दिसली, तर मात्र तारखेची वाट न बघता दाखवा.