शंकासुराच्या काळ्यात एवढे दाणे का?

प्रश्न : नमस्कार ताई, आमच्या जत्रेतलं दशावतार मी दरवर्षी शूट करतो, यंदा पहिल्यांदाच मिररलेस कॅमेऱ्यावर, किट लेन्स लावून. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड वाढवून दाखवायची सेटिंग) वाढवला की नॉइज, म्हणजे चित्रात दाणे, येतो असं सगळे सांगतात म्हणून ८०० वर लॉक केला, हालचाल शार्प यावी म्हणून शटर १/२०० सेकंद, फ्रेमरेट सेकंदाला २५. घरी बघतो तर सगळं काळोखं, आणि ब्राइटनेस वाढवला की शंकासुर राक्षसाच्या काळ्या कपड्यांवर नुसते रंगीत दाणे वळवळतायत. कॅमेऱ्यातच दोष आहे का? – एक वाचक, कुडाळ

उत्तर : नाही दादा, कॅमेरा ठीक आहे, त्याला उजेडच मिळाला नाही. नॉइज मुळात कमी उजेडामुळे येतो, आयएसओ फक्त जे सेन्सरवर आलंय ते मोठं करून दाखवतो, तुम्ही तो वाढवला नाहीत पण नंतर एडिटिंगमध्ये तेच केलंत आणि तेही ८ बिटच्या (कमी छटा साठवणाऱ्या) कॉम्प्रेस झालेल्या फाइलवर, जिच्यातली काळोखातली बारीक माहिती कॅमेऱ्याने आधीच टाकून दिलेली असते. त्यापेक्षा कॅमेऱ्यातच ३२०० ठेवला असता तरी चित्र स्वच्छ आलं असतं.

पण आयएसओच्या आधी शटर बघा. २५ फ्रेमला १/५० ठेवा, शटर चौपट वेळ उघडं राहतं, म्हणजे लगेच चौपट उजेड, आणि उजेड चौपट झाला की त्याच्या तुलनेत नॉइज साधारण निम्मा दिसतो. युद्धाचे प्रवेशही १/२०० ला तुटक तुटक दिसतात, १/५० ला हालचाल डोळ्याला बरी वाटते. शिवाय आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, १/५० किंवा १/१०० ला त्या लुकलुकीचे पट्टे चित्रात सहसा येत नाहीत (जनरेटरवर लाइट असतील तर आधी एक मिनिट शूट करून तपासा).

लेन्सचं म्हणाल तर लांब उभं राहून झूम करू नका, किट लेन्स झूमला एफ ५.६ वर जाते आणि वाइडला ३.५ असते (एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं), म्हणजे मांडवात पुढे सरकून बसलात तर फुकटात अडीचपट उजेड मिळतो. जमलं तर ५० एमएमची एफ १.८ घ्या, ५.६ च्या मानाने जवळपास दहापट उजेड, फक्त फोकसकडे नीट लक्ष ठेवावं लागतं.

आणि ऑटो आयएसओ नकोच, शंकासूर आला की कॅमेरा त्याचा काळा रंग करडा करायला बघतो आणि राजाचा रंगवलेला चेहरा पांढराफटक होतो. एक्सपोजर राजाच्या चेहऱ्यावर लावा, झेब्रा (फार उजळ भागावर स्क्रीनवर पट्टे दाखवणारी सोय) चालू ठेवा, काळं काळंच राहू दे.

यंदाचं फुटेज टाकून मात्र देऊ नका! दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या पैसे देऊन मिळणाऱ्या स्टुडिओ व्हर्जनमध्ये टेम्पोरल नॉइज रिडक्शन आहे, ते मागच्यापुढच्या फ्रेम मिळवून दाणे कमी करतं. ते थोडंसंच लावा, मग फक्त चेहरे उजळा आणि मागचा काळोख पुन्हा खाली दाबा, दाणे बरेचसे त्यातच बुडतील.