११७६ आणि एलए-२ए यांचे प्लगइन घेण्यासारखे आहेत का?

तुम्ही घरच्या खोलीत भावगीतं रेकॉर्ड करता, सेल लागलाय, आणि ११७६ व एलए-२ए या जुन्या कम्प्रेसरची (मोठा आवाज आपोआप दाबणाऱ्या यंत्रांची) नक्कल करणारे प्लगइन, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, खऱ्या यंत्रासारखे वाजतात का, घ्यावेत का, असं विचारलंय.

पहिल्या भागाला माझा उलट प्रश्न: कोणत्या खऱ्या यंत्रासारखे? ११७६ हा १९६७चा, आणि त्याच्या सर्किटात नंतर वेळोवेळी बदल होत गेले. मी एका स्टुडिओत शेजारीशेजारी बसवलेले दोन ऐकले, दोघांचा आवाज वेगळा होता. एकावर तर 'गाण्याला हाच' अशी चिकटपट्टी लावलेली. प्लगइनवाल्यांनी मोजमापं घेतली ती अशाच कुठल्या तरी एका नगाची, त्यामुळे 'हुबेहूब' या शब्दाचा फार विचार करू नका.

घ्यावेत का? मी पहिला घेतला तेव्हा चालू करताच गाणं उजळल्यासारखं वाटलं. महिन्याभराने लक्षात आलं की प्लगइन चालू केला की आवाज दोनेक डीबी वाढतो. कानाला मोठा आवाज चांगलाच वाटतो. मग पातळी सारखी केली, बहिणीला माउसवर बसवलं, मी डोळे मिटले. गाण्याच्या ट्रॅकवर ११७६ कोणता आणि रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधला फुकटचा कम्प्रेसर कोणता, हे दहापैकी सहा वेळा ओळखलं. नाणं उडवलं असतं तरी जवळपास तेवढंच जमलं असतं.

ढोलकीवर मात्र दहाच्या दहा. कारण अटॅक, म्हणजे आवाज मोठा झाल्यावर तो दाबायला लागणारा वेळ. ११७६चा सर्वात मंद अटॅकसुद्धा ८०० मायक्रोसेकंद, म्हणजे एका मिलिसेकंदापेक्षा कमी, आणि सर्वात जलद २०. ४४.१ किलोहर्ट्झवर एक सॅम्पल (आवाजाचं एकेक मोजमाप) साधारण २२.७ मायक्रोसेकंदांचा असतो, म्हणजे इथे एका सॅम्पलच्या आतच दाबायचं आहे. म्हणून चांगला प्लगइन आत ओव्हरसॅम्पलिंग करतो, म्हणजे सॅम्पलची संख्या काही पट वाढवून काम करतो. न करणाऱ्यात वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले उंच सूर) दुमडून खाली येतात. डेमो उतरवून टाळाचा ट्रॅक जोरात दाबून बघा, किणकिणाटात काच घासल्यासारखं काही आलं तर तो सोडा. (आणि हो, यात अटॅकची खुंटी उजवीकडे फिरवली की जलद होतो. नवखे इथे हमखास फसतात, मीही फसलोय.)

एलए-२एची गोष्ट वेगळी. त्याच्या आत एक उजळणारी पट्टी आणि तिचा उजेड पडला की विद्युतरोध बदलणारा घटक असतो. दाब सोडताना निम्मा साधारण ६० मिलिसेकंदांत सुटतो, उरलेला मात्र एक ते पंधरा सेकंद रेंगाळतो, आणि आधी किती व किती वेळ दाबलं यावर ते ठरतं. लांब ताणलेला सूर संपून हळू ओळ सुरू होते ना, तिथे तो आवाज एकदम उसळू देत नाही. साध्या कम्प्रेसरवर रिलीजच्या (दाब सुटायला लागणाऱ्या वेळेच्या) एकाच आकड्यात हे बसवताना मी थकलो. भावगीताला तुम्हाला नेमकं हेच लागणार.

दोघांनाही थ्रेशोल्डची, म्हणजे कोणत्या पातळीपासून दाबायचं हे ठरवायची, खुंटी नाही, त्यामुळे आत किती पातळी जाते यावर सगळं अवलंबून. बहुतेक प्लगइन सरासरी उणे १८ डीबीच्या आसपास (डिजिटलमधली कमाल पातळी म्हणजे शून्य) धरून बनवलेले असतात. शून्याला टेकेपर्यंत रेकॉर्ड करून आत पाठवलंत तर सुई पार आडवी पडेल, आणि दोष मात्र प्लगइनला जाईल. आधी गेन (आत जाणारी पातळी) खाली घ्या.

काहींत जुन्या यंत्राची घरघरही दिलेली असते, ५० की ६० हर्ट्झ हे निवडायच्या सोयीसकट! वीस ट्रॅकवर ती साचते. बंद करा. आमच्या इमारतीच्या वायरिंगची ५० हर्ट्झ फुकट मिळतेच.

मी तुमच्या जागी असतो तर एलए-२एसारखा एक घेतला असता. ११७६ ढोलकी-तबला रेकॉर्ड करायला लागाल तेव्हा. पेटीवर मी दोन्ही लावत नाही.