वाचकांचे प्रश्न : शोनबर्गचे दोन संसार

प्रश्न : बायको चित्रकाराबरोबर निघून गेली आणि त्या धक्क्यातून व्हिएन्नाचा संगीतकार आर्नोल्ट शोनबर्ग अटोनल, म्हणजे कुठलाच षड्ज न मानणाऱ्या, संगीताकडे वळला, असे वाचनात येते. खरे काय?

उत्तर : गोष्ट रंगतदार आहे, पण तारखा तिला साथ देत नाहीत. माथिल्डे ही शोनबर्गला शिकवणाऱ्या त्सेमलिन्स्कीची बहीण. लग्न १९०१ मध्ये झाले, पुढे मुलगी आणि मुलगा. नवराबायकोला चित्रकला शिकवायला येणारा रिखार्ड गेर्स्टल घरचाच होऊन गेला. १९०८च्या उन्हाळ्यात सगळे ग्मुंडेनला सरोवराकाठी असताना प्रकरण उघडकीला आले आणि ऑगस्टमध्ये माथिल्डे त्याच्याबरोबर निघून गेली. शोनबर्गचा शिष्य वेबर्न याने ‘मुलांकडे बघा’ म्हणून तिची समजूत घातली, तेव्हा ती परतली. ४ नोव्हेंबरला गेर्स्टलने आत्महत्या केली. वय अवघे २५.

आता संगीताकडे या. श्टेफान गेओर्गेच्या कवितांवरची, सूर कुठे टेकतच नाही अशी गाणी शोनबर्गने त्याच वर्षी मार्चमध्ये लिहायला घेतली होती. घर मोडले त्याच्या बरेच आधी. दुःख संगीतात उतरलेच नाही, असा याचा अर्थ नव्हे. पण मूळ कारण हार्मनीत, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या रचनेत, आहे. जर्मन संगीतकार वाग्नरपासून कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छाची) सोडवणूक, म्हणजे ताणलेला कॉर्ड शांत कॉर्डवर आणून टेकवणे, लांबवत न्यायची चाल पडली होती. शोनबर्गने ती सोडवणूकच टाकून दिली.

प्रश्न : हा बदल ऐकायचा कुठे?

उत्तर : शोनबर्गच्या दुसऱ्या स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये (दोन व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो यांची रचना), ओपस म्हणजे रचनाक्रमांक १०. चार भाग, साधारण अर्धा तास. बरेच जण थेट चौथ्या भागावर उडी मारतात आणि ‘काही कळले नाही’ म्हणून बंद करतात. कशापासून दूर जायचे तेच कानात नसेल, तर दूर गेल्याचे कळणार कसे? पहिला भाग एफ शार्प मायनरमध्ये, म्हणजे एफ शार्प हा स्वर षड्ज धरून, आहे; तो दोनदा ऐकून हा षड्ज कानात पक्का बसवा. दुसऱ्याच्या मध्यावर ‘आउगुस्टिन’ हे व्हिएन्नाचे जुने लोकगीत अचानक डोके वर काढते. त्याचे मूळ शब्द ‘सगळं संपलं’ अशा अर्थाचे आहेत. तिसऱ्यात सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीत गाणारी गायिका, येते; हा भाग आधीच्याच स्वरवाक्यांच्या रूपांवर उभा आहे. चौथ्याच्या सुरुवातीला म्यूट (आवाज दबवणारी चिमटी) लावलेली वाद्ये चेलोपासून व्हायोलिनपर्यंत वर चढत जातात आणि षड्ज सुटतो. तरी शेवटचा कॉर्ड एफ शार्प मेजर, म्हणजे त्याच षड्जावरचा! अर्पणपत्रिका ‘माझ्या पत्नीस’ अशी. २१ डिसेंबर १९०८ला व्हिएन्नातल्या पहिल्या प्रयोगात लोक हसले, हिसहिसलेही.

प्रश्न : दुसरे लग्न वर्षाच्या आतच केले का? बारा स्वरांची पद्धत (सप्तकातले बाराही स्वर ठरवलेल्या क्रमाने वापरायची) त्या बायकोमुळे सुचली म्हणतात.

उत्तर : पहिले बरोबर, दुसरे नाही. माथिल्डे ऑक्टोबर १९२३ मध्ये वारली. ऑगस्ट १९२४ मध्ये शोनबर्गने गेर्ट्रूड कोलिश हिच्याशी, म्हणजे आपला शिष्य व्हायोलिनवादक रूडोल्फ कोलिश याच्या बहिणीशी लग्न केले. बारा स्वरांच्या पद्धतीतली ओपस २५ ही पियानोची रचना १९२३ मध्येच पुरी झाली होती. गेर्ट्रूडचे खरे काम वेगळेच आणि फारसे सांगितले न जाणारे : १९३० मध्ये फ्रँकफुर्टला रंगमंचावर आलेल्या ‘फॉन हॉयटे आउफ मॉर्गेन’ या एकांकी ऑपेराची संहिता तिने माक्स ब्लोंडा या टोपणनावाने लिहिली. विषय नवराबायकोची कुरबुर! तासाभराचा आहे, संहिता हाताशी ठेवून ऐका, नाहीतर विनोद निसटतात.