परराज्यातले पोलीस न्यायला आले तर?

प्रश्न: माझ्या भाच्याच्या बँक खात्यातून कुणीतरी फ्रॉडचे पैसे फिरवलेत म्हणे, आणि आता दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांचा फोन आलाय की तुला न्यायला येतो. अमेरिकेतला आमचा जावई म्हणतो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायला गव्हर्नरची सही लागते. मग तोवर वेळ मिळेल ना? (एक काका, इचलकरंजी)

उत्तर: काका, जावईबापू बरोबर बोलतायत, पण ते तिकडचं. तिकडे एक गव्हर्नर मागणी करतो, दुसरा वॉरंट काढतो, आणि १९८७ पासून तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय की गव्हर्नरने टाळाटाळ केली तर कोर्ट त्याला भाग पाडू शकतं. आपल्याकडे राज्याराज्यांत प्रत्यार्पण हा प्रकारच नाही, राज्यपालांचा काही संबंध येत नाही. पोलीस थेट येतात, लोकल ठाण्यात एन्ट्री करतात, अटक करतात आणि मग जवळच्या मॅजिस्ट्रेटकडून ट्रान्झिट रिमांड घेतात, म्हणजे आरोपीला इतके दिवस आमच्या ताब्यात ठेवून आमच्या कोर्टापर्यंत नेऊ द्या अशी परवानगी.

पण ही परवानगी म्हणजे नुसता शिक्का नव्हे बरं का. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुणे पोलिसांनी मानवाधिकार कार्यकर्ते गौतम नवलखांना दिल्लीत अटक केली आणि तिथल्या मॅजिस्ट्रेटने ट्रान्झिट रिमांड दिला, तर १ ऑक्टोबरला दिल्ली हायकोर्टाने तो रद्द केला. का, तर कागदपत्रं बरीचशी मराठीत, मग मॅजिस्ट्रेटने नेमकं काय वाचून ठरवलं? आपल्या मराठीमुळे अडलेली ही केस मला तरी विसरता येत नाही. अटकेचं कारण आरोपीला सांगायलाच लागतं, आणि कोर्टापर्यंत जायला लागणारा वेळ सोडून २४ तासांत जवळच्या मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायला लागतं, त्यामुळे गाडीत घालून परस्पर दोन दिवस प्रवास हे चालत नाही.

आता भाच्याचं. आधी तो फोन खरा आहे का बघा, पैसे मागितले की समजा भामटा आहे. खरा असेल तर सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात, साध्या फसवणुकीचं कलम त्यातच येतं, सहसा आधी हजर राहायची नोटीस यायला हवी, आणि ती नुसती व्हॉट्सॲपवर टाकून भागत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये सांगितलंय. नोटीस आली तर पळू नका, जाऊन या, नाहीतर अटकेला आयतं कारण मिळतं. अटकेची भीती खरंच असेल तर इथल्याच सेशन्स कोर्टात किंवा हायकोर्टात ट्रान्झिट अटकपूर्व जामीन मागता येतो, थोड्या दिवसांचा असतो, तेवढ्यात तिकडच्या कोर्टात जायचं. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे मान्य केलंय, फक्त थेट तिकडे का जाता येत नाही ते पटवून द्यावं लागतं.

बँक स्टेटमेंट आजच काढून ठेवा. आणि भाच्याला एकट्याला बाजूला घेऊन विचारा, कमिशनवर खातं कुणाला वापरायला दिलं होतं का, कारण दिलं असेल तर केस वेगळीच होते आणि ते वकिलाला पहिल्या दिवशीच कळलं पाहिजे.